साडेअकरा किलो

दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधल्या वळणावर त्याचा डावा हात नाहीसा झाला. दुखला नाही, मुंग्या आल्या नाहीत, काही नाही. होता तो नव्हता. उजव्या हातात नातीची पिशवी, पाण्याची बाटली आणि बोटात अडकवलेली किल्ली, डाव्या हातावर नात, अशी रोजची मांडणी होती. तिच्यातला एक खांब कुणीतरी गुपचूप काढून घेतला. पोरगी घसरली. फार नाही, वीत-दीड वीत. त्याचं अंग आपोआप भिंतीकडे कललं, गुडघा वर आला, उजवं कोपर आडवं झालं, आणि भिंत, गुडघा आणि कोपर यांच्या बेचक्यात ती अडकून राहिली. किल्ली खळकन पडली. बाटली एकेक पायरी घेत खाली गेली, दुसऱ्या मजल्यावरच्या कुठल्यातरी दारावर आपटली आणि थांबली. मग जिन्यात इतकं शांत झालं की त्याला स्वतःच्या नाकातून जाणारा श्वास ऐकू आला. त्या शांततेत नात हसली. खदखदून, पोट धरून हसावं तशी. तिच्या लेखी आजचा खेळ रोजच्यापेक्षा मस्त झाला होता. "अजून," ती म्हणाली. "आबा, अजून."

तो पायरीवर बसला. बसला म्हणजे, तिला सोडायचं नाही एवढं धरून भिंतीला पाठ घासत खाली आला. हात परत आला होता. कधी आला ते कळलं नाही. आता तो मांडीवर नेहमीसारखा पडून होता, अंगठ्याजवळचा जुना व्रण, वाकडं झालेलं करंगळीचं नख, सगळं जागच्या जागी. त्यानं बोटं मिटली, उघडली. मिटली, उघडली. अगदी शहाण्यासारखी ऐकत होती. किती वेळ गेला असेल? पाच सेकंद? वीस? आयुष्यभर त्यानं सेकंद मोजले होते, दार किती सेकंदांनी मिटतं, ब्रेक किती सेकंदांनी धरतो; आणि आज स्वतःच्या हाताचे मोजायचे राहून गेले. खालून दार उघडल्याचा आवाज आला. दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई, गळ्यात मोजपट्टी तशीच, बाटली घेऊन चार पायऱ्या वर आल्या. "आजोबा, तुमची का ही?"

"हो. निसटली."

"कुणाला लागलं नाही ना?"

"नाही, नाही. आम्ही जरा बसलोय."

बाईंनी दोघांकडे पाहिलं, नातीच्या गालाला बोट लावलं आणि खाली गेल्या. बाटली निसटली हे खरंच होतं. तो काही खोटं बोलला नव्हता. तरी बाईंचं दार लागल्यावर त्याला वाटलं, आता आणखी एक दार आतून लागलं.

उरलेल्या पायऱ्या त्यानं तिला चालवत नेलं. तिला ते पसंत पडलं नाही. रोजचा रिवाज वेगळा होता. बालवाडीतून येताना खालच्या दाराशी ती हात वर करी, तो तिला उचली, ती त्याचं नाक दाबून "तीन" म्हणे, आणि तो तोंडानं घूं असा आवाज काढत वर निघे. इमारतीला लिफ्ट नव्हती. चार मजले, बांधणाऱ्यानं गरज नाही असं ठरवलेलं. जन्मभर लिफ्टा दुरुस्त केलेल्या माणसाची लेक नेमकी बिनलिफ्टच्या घरात राहायला गेली, यावर त्यानं जावयाची बरीच थट्टा केली होती. आणि नात अडीच वर्षांची होईपर्यंत दिसेल ते दाबून बघायची, रिमोट, दिव्याची बटणं, शेजाऱ्यांच्या घंटा, झोपलेल्या माणसाची बेंबी, म्हणून तिचं नाव त्यानंच बटण ठेवलं होतं. आता बटणनं त्याचं नाक दाबलं. तो हलला नाही. तिनं पुन्हा दाबलं, जोरात. "आज बंद आहे," तो म्हणाला. ती पायरीवर बसून रडली. तो शेजारी बसून राहिला. मग ती कंटाळून उठली आणि कठड्याचे गज धरत, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, त्याच्याकडे न बघता चढली. दहा पायऱ्यांना आठ मिनिटं लागली. हे मात्र त्यानं मोजलं.

उकडलेला बटाटा कुस्करून दिला तर तिनं अर्धा खाल्ला, अर्धा टेबलाला फासला. तिला पुसलं, कपडे बदलले, पडदा ओढला. या घरातला दुपारचा अंधार त्याला आता पाठ होता. निळा पडदा, त्यातून येणारा निळा उजेड, त्यात निळी दिसणारी तिची टाच. ती झोपली की तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून पेपर वाची आणि चौथ्या ओळीला डुलकी घेई. आज पेपर घडीतच राहिला. त्यानं डाव्या हातानं खुर्ची उचलली. उचलली गेली. बरणीचं झाकण उघडलं. उघडलं. लेकीच्या डब्यातून सुई काढून दोरा ओवला, चष्मा लावून, तिसऱ्या प्रयत्नात. पण तिसरा प्रयत्न ही डोळ्यांची कथा, हाताची नाही. पीठ भरलेला डबा फळीवरून काढला, परत ठेवला, काढला, परत ठेवला. चार-पाच किलोचा असेल. बटण साडेअकरा किलोची होती. मागच्या आठवड्यात टोचून आणली तेव्हा काट्यावर उभी केली होती, आणि तो आकडा त्याच्या डोक्यात बसला होता, कारण वजनाचे आकडे त्याच्या डोक्यात बसतच. आठ माणसं, पाचशे चव्वेचाळीस किलो. तेरा माणसं, आठशे चौऱ्याऐंशी. प्रत्येक लिफ्टमध्ये अशी पाटी असते आणि ती कुणी वाचत नाही. त्यानं डबा सहाव्यांदा काढला. हातात काही दोष नव्हता.

आणि दोष नव्हता हीच अडचण होती. दोष सापडला तर बरं असतं. लिफ्टच्या दोराचे तंतू तुटलेले दिसतात, ब्रेकचं अस्तर झिजलेलं दिसतं, बदलता येतं. पण कुणीतरी सांगतं, मधेच हिसका बसला, आणि तुम्ही दहा वेळा वरखाली करता आणि ती लोण्यासारखी चालते, तेव्हा काय करायचं? नियम होता. बंद करायची. पाटी लावायची आणि मशीनरूममध्ये जाऊन सगळं उघडून बसायचं, मग चार तास लागोत नाहीतर दिवस. तो नियमाचा पक्का होता. त्याला इमारतीइमारतींतून कुलूपवाला म्हणत. नवव्या मजल्यावरचे आजारी लोक, भाजीची पिशवी घेतलेल्या बायका, नवा सोफा घेऊन आलेले हमाल, सगळ्यांनी त्याला मनापासून शिव्या दिल्या होत्या. सेक्रेटरी लोकांचं एक ठरलेलं वाक्य असे: अहो, एकदाच तर झालंय. तो त्यांच्या तोंडावर पाटी अडकवी. त्या वेळी त्याला वाईट वाटत नसे. चढणारे दुसरेच असत.

या घराची किल्ली त्याला गेल्या वर्षी मिळाली. लेक त्याच्या दारात उभी राहिली होती, आत न येता, एखाद्या कचेरीत फॉर्म मागायला यावं तशी. औषधांच्या कारखान्यात ती गोळ्यांच्या पट्ट्या तपासायच्या विभागात होती, बाळंतपणाची रजा संपून वर वाढवलेली रजाही संपली होती. बालवाडी बारापर्यंत, त्यापुढं ठेवणाऱ्या पाळणाघरात नंबर लागायला वर्ष. जावई बस डेपोत ड्रायव्हरांच्या पाळ्या लावी. दोनशे माणसांच्या वेळा बसवणाऱ्याला स्वतःच्या घरातल्या तीन माणसांच्या बसवता येत नव्हत्या. "बाबा, तुम्हाला जमेल का," ती म्हणाली, "म्हणजे रोज. म्हणजे तुम्हाला त्रास होणार असेल तर..." तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत तो हो म्हणून बसला. नंतर घाबरला. लेक लहान असताना त्यानं तिला किती वेळा उचललं असेल? फोन आला की निघायचं असं काम. कुणीतरी कुठंतरी अडकलेलं असे. घरात जे काही झालं, दात येणं, ताप, पहिली सायकल, ते बायकोनं त्याला नंतर सांगितलेलं. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. त्या चार वर्षांत त्याचे दिवस असे झाले होते की मंगळवार आणि बुधवार यांत फरक कळावा म्हणून तो मंगळवारी दाढी करी. आणि मग एकदम हे. लेकीनं फ्रीजवर चिकटवलेली यादी: गोड नाही, टीव्ही नाही, झोपताना उजव्या कुशीवर. यादीतल्या पहिल्या कलमाचा भंग त्यानं तिसऱ्याच दिवशी केला आणि पुरावा नातीच्या बाहीवर सापडला. दोन दिवस लेक गाल फुगवून होती. त्यालाही ते आवडलं होतं, कुणीतरी आपल्यावर रागावण्याइतकं आपण या घरात आहोत हे. दुपारी झोपताना बटण त्याचा अंगठा धरी. अंगठा सोडवून घ्यायला कधीकधी अर्धा तास लागे, आणि तो सोडवून घेत नसे.

सांगितलं तर हे जाईल. तो खुर्चीवर बसून हे स्वच्छ बघत होता. नाही सांगितलं तर काहीच जाणार नाही, कदाचित कधीच नाही. हात परत तसं करणारही नाही. एका अंगावर झोपल्यामुळं अवघडला असेल. वय झालं म्हणजे कुणाला काय होत नाही. उद्यापासून तिला चालवत आणू. ती जड झालीय, चालायलाच हवी, असं सांगू. लेकीला ते पटेल, उलट आवडेल. यादीत एक कलम वाढेल. हे सगळं इतकं सरळ जुळत गेलं की त्याला आपल्याच डोक्याची भीती वाटली. असं सरळ जुळलेलं त्याला एकदाच आठवत होतं.

सात मजली कचेरीची इमारत होती. दुपारी चार वाजता तिथल्या चहा देणाऱ्या बाईनं सांगितलं, लिफ्ट मधेच हिसका देते. तो अकरा वेळा वरखाली गेला. काही नाही. पाटी लावायची आणि बसायचं, चारपाच तासांचं काम. पण साडेपाचला लेकीच्या शाळेत कार्यक्रम होता, ती सात वर्षांची, एकटी स्टेजवर कविता म्हणणार होती, आणि बायको सकाळी फक्त एवढंच म्हणाली होती, "आज तरी." त्यानं नोंदवहीत लिहिलं, दोष आढळला नाही. वाक्य खरं होतं. हात धुतले, बस पकडली, तिसऱ्या रांगेत जाऊन बसला. लेक पिवळ्या फ्रॉकमध्ये आली, तिनं त्याला बघितलं, तिसऱ्या ओळीला विसरली आणि विसरल्याचं तिला इतकं काही वाटलं नाही की ती त्याच्याकडे बघून हसलीच. लोक टाळ्या वाजवू लागले. त्यानं तिला स्टेजवरून खाली उचलून घेतलं. तेव्हा तिचं वजन किती होतं ते त्याला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी पावणेदहाला लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे चार फूट घसरून थांबली. आत एकटी चहावाली बाई होती, तिची ढकलगाडी, तीस कप. घोटा मोडला, पायावर चहा सांडला. चौकशी झाली, ब्रेकमधला एक भाग तडकलेला निघाला, तो आतून होता, बाहेरून दिसण्यातला नव्हता असं ठरलं. नोंदवहीत काही चूक नव्हती. तो दवाखान्यात तिला बघायला गेला. "बाकी कुणी आलं नाही," ती म्हणाली, "तुम्ही तरी आलात." पुढं सात वर्षं ती इमारत त्याच्याकडे होती आणि सात वर्षं ती बाई लंगडत त्याला चहा आणून देत होती, आणि तो पीत होता. बायकोला त्यानं सांगितलं नाही. आणि लेक, तिची ती एकच गोष्ट होती बापाची. लग्नाआधी जावयाला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा तिनं तीच सांगितली: आमचे बाबा कामाचे भयंकर पक्के, पण एकदा माझ्यासाठी सगळं सोडून आले होते.

बटण उठली. तिला दूध दिलं, तिचे ठोकळे जमिनीवर ओतले. ती मनोरे रचत होती आणि तो तिच्याशेजारी जमिनीवर बसून डावा हात उजव्या हातानं धरून होता, जसा काही तो दुसऱ्या कुणाचा, ठेवायला दिलेला.

सव्वासहाला लेक आली. दारातच कळलं की काहीतरी झालंय. ती जिन्यातून पळत आली होती. चपला काढता काढता बोलत होती. नव्या विभागाचं प्रमुखपद तिला देणार होते. सोमवारपासून. आधी तीन आठवडे सकाळी लवकर जायचं, संध्याकाळी उशीर होईल, पण तीनच आठवडे, मग पाळीची माणसं तिची ती ठरवणार. "चाळीस जणांत मला, बाबा," ती म्हणाली. बटण तिच्या पायाला चिकटली होती. लेक तशीच तिला घेऊन गोल फिरली. त्याला वाटलं, उद्या सांगू. उद्या सकाळी. आजची संध्याकाळ तिला मिळू दे. मग त्याला वाटलं, सकाळी ती घाईत असेल. मग तो, चष्मा पुसत, अगदीच भलत्या शब्दांत म्हणाला, "आज माझा डावा हात बंद पडला होता."

लेक हसत होती. "म्हणजे?"

"म्हणजे काही वेळ नव्हताच. जिन्यात. ही हातावर होती."

ती थांबली. बटणला खाली ठेवलं नाही, उलट तिच्या पाठीवरचा हात घट्ट झाला ते त्याला दिसलं. "पडली?"

"नाही. घसरली. मी अडवली. भिंतीशी."

"किती पायऱ्या वर होतात?"

"वळणावर. तिसऱ्याच्या खाली."

लेकीनं मुलीला दिव्याखाली नेलं, तिचे कपडे काढले आणि तिला तपासायला लागली. पाठ, कोपरं, गुडघे, कानामागं, डोक्यावरचे केस बाजूला करून. पट्टीतली प्रत्येक गोळी बघावी तशी. मुलीला गुदगुल्या होत होत्या. तो दाराशी उभा राहून बघत होता आणि त्याला कळत होतं की ही तपासणी मुलीची नाही. उजव्या कुल्ल्यावर एक लाल रेघ निघाली, भिंतीनं ओढलेली. ती त्याला दुपारी कपडे बदलताना दिसली नव्हती. की त्यानं बघितलंच नव्हतं.

"आता हात कसाय?" लेकीनं विचारलं. पाठमोरीच.

"आता बरा आहे."

"मग अवघडला असेल. रोज उचलून उचलून. मी म्हणतच होते, तिला चालायची सवय लावा." ती भराभर मुलीला कपडे घालत होती. "आपण असं करू. तुम्ही तिला उचलूच नका. चालवत आणा. लागला वेळ तर लागू दे. हे तीन आठवडे निघाले की मग आपण डॉक्टरांकडे..."

"नाही," तो म्हणाला.

"बाबा, एकदाच झालंय."

त्याला त्या वाक्यानं हसू आलं असतं, दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर. "एकट्यानं मी तिला सांभाळणार नाही. मी येईन, बसेन, सगळं करीन. पण घरात दुसरं माणूस पाहिजे."

"दुसरं माणूस कुठून आणू मी सोमवारपर्यंत?"

त्यानं जमिनीवरचा एक ठोकळा उचलून टेबलावर ठेवला.

"तुम्हाला कंटाळा आला असेल तर तसं सांगा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, बसला होता. "चालेल मला. खरंच. पण हे असं नका करू. तुम्ही जन्मभर लोकांचं बंद करत आलात, बाबा. पाटी लावली की तुमचं काम झालं. चढायचं ते दुसऱ्यानं." ती थांबली. मग मुलीच्या केसांतून हात फिरवत, त्याच्याकडे न बघता, "एकदाच तुम्ही सगळं टाकून आला होतात. माझ्यासाठी. तेवढं एकदा आठवा आणि मग सांगा मला नाही म्हणून."

ते त्याच्या जिभेवर आलं. अगदी दातांपर्यंत. त्या दिवशी मी काय टाकून आलो होतो ते तुला माहीत नाही. ती बाई, तो घोटा, सात वर्षांचा चहा. सांगितलं असतं तर आत्ता, या क्षणी तिला पटलं असतं. यापेक्षा मोठा पुरावा कुठला? त्यानं तिच्याकडे पाहिलं. कारखान्याचा निळा शर्ट, बाहेर आलेल्या केसांच्या बटा, मांडीवर झोपेला आलेली पोर. छत्तीस वर्षांत बापाकडून तिला एक संध्याकाळ मिळाली होती आणि ती तिनं जपून ठेवली होती. ती तिच्याकडून काढून घेऊन काय करायचं? त्यानं ते गिळलं.

"मला कंटाळा नाही आला," तो म्हणाला. "मला भीती वाटते."

हे त्यानं कुणालाही कधी म्हटलेलं नव्हतं, बायकोलाही नाही. शब्द ऐकून त्याचं त्यालाच नवल वाटलं. लेकीनं मान वर केली. बटणनं एक ठोकळा तोंडात घातला, तो लेकीनं काढून घेतला. मग ती चपलांच्या कपाटावर येऊन बसली आणि तिनं त्याचा डावा हात हातात घेतला. एकेक बोट दाबून बघितलं. "हे कळतंय? हे?" तो प्रत्येकाला हो म्हणाला. पाचव्या बोटाशी ती रडायला लागली, आवाज न करता, आणि रडतच फोन काढून तिनं नवऱ्याला लावला आणि म्हणाली, "घरी ये. नाही, ती बरी आहे. बाबा. ये तू."

डॉक्टर तरुण होत्या आणि रागावल्या. "काल दुपारीच यायचं होतं. असं झालं की त्याच तासाला यायचं." मग दोन दिवस तपासण्या चालल्या. मेंदूकडे जाणारी मानेतली एक रक्तवाहिनी अरुंद झाली होती. हात गेला आणि आला, ती सूचना होती. पुढच्या वेळी हात येईलच असं नाही, आणि नुसता हातच जाईल असंही नाही. गोळ्या दिल्या, महिन्याभरानं पुन्हा बघू म्हणाल्या, जड उचलायचं नाही, मूल घेऊन एकट्यानं राहायचं नाही. "सांगितलंत म्हणून बरं झालं," त्या म्हणाल्या. "बहुतेक लोक हात झटकतात आणि कामाला लागतात." लेक शेजारच्या खुर्चीत बसून हे कागदावर उतरवून घेत होती. तिची पेन्सिल क्षणभर थांबली आणि मग पुन्हा चालू लागली.

सोमवारी प्रमुखपद दुसऱ्या बाईला मिळालं. पुढच्या वेळी तुझा विचार करू, असं लेकीला सांगितलं गेलं; पुढची वेळ कधी ते नाही. तिनं हे त्याला सांगितलं नाही, जावयानं सांगितलं, दबक्या आवाजात, कांदा चिरत. काही दिवस ती त्याच्याशी कामापुरतं बोलत होती. जेवण झालं का, गोळी घेतली का. त्याला ते कबूल होतं. तो खाली मान घालून गोळी घेई. जावयानं डेपोत हातापाया पडून पहाटेची पाळी मागून घेतली. दोनशे जणांच्या तक्त्यात त्यानं स्वतःचं नाव सगळ्यात नावडत्या रकान्यात लिहिलं आणि साडेअकराला मोकळा होऊन बालवाडीच्या फाटकाशी येऊ लागला. लेकीनं दिलेली ती किल्ली सासऱ्यानं पहिल्याच दिवशी टेबलावर ठेवली होती, कुणी काही म्हणायच्या आधी. ती दोन दिवस तिथंच पडून होती, मिठाच्या डबीशेजारी. तिसऱ्या दिवशी लेकीनं निघताना ती उचलली, त्याच्या शर्टाच्या खिशात टाकली, आणि "येताना दूध आणा, अर्धा लिटर, जास्त नाही" असं म्हणून जिना उतरून गेली.

तो बाराला फाटकाशी जाई. बोलावलं नव्हतं, पण जाई. जावई आणि तो, दोघं दोन बाजूंना उभे. बटण बाहेर येऊन आधी दोघांकडे बघे, आणि पहिले काही दिवस तिनं हात त्याच्याकडेच वर केले. तो खाली बसून तिच्या बुटाचे बंद नीट करी. ते नीटच असत. मग जावई तिला उचली. ती चिडली, दोनदा तिनं बापाच्या कानाला चावा घेतला, मग चिडायची थांबली. मुलं थांबतात. तेही त्याला नीट गिळता आलं नाही, तिचं इतक्या लवकर थांबणं.

त्या दिवशी बुधवार होता. आता त्याला वार कळत. जावई पुढं जिना चढत होता, नात त्याच्या खांद्यावर, आणि तो तीन पायऱ्या मागून, एका हातात नातीची पिशवी, दुसरा कठड्यावर. पहिला मजला गेला. शिवणयंत्राचा आवाज आला आणि मागं राहिला. तो पायऱ्या बघत चढत होता, जसा नेहमी बघे, पाय कुठं पडतो ते. मग त्यानं वर बघितलं. जावयाच्या खांद्यावरून तिचं तोंड त्याच्याकडे होतं, हनुवटी शर्टावर टेकलेली, गाल दाबून एका बाजूला आलेला, वरच्या ओठावर बालवाडीतल्या खाऊची सुकलेली मिशी, डोळे अर्धे मिटलेले आणि तरी त्याच्यावर लागलेले. ती प्रत्येक पायरीला किंचित वर जाई आणि किंचित खाली येई. वर्षभर त्यानं तिला याच जिन्यातून वर नेलं होतं, रोज, आणि त्या सगळ्या वर्षात त्याला तिच्या केसांचा वास, तिचा श्वास, तिचं वजन, सगळं माहीत झालं होतं. वर जाताना तिचं तोंड कसं दिसतं ते त्यानं कधी बघितलं नव्हतं. ते दिसायला तीन पायऱ्या मागं असावं लागतं. जावई वळणावर वळला, तोंड भिंतीआड गेलं. तो एका हातानं कठडा ओढत जरा भरभर चढला, ते पुन्हा दिसावं म्हणून.